रात्रीची गाडी, पहाटेची झापड आणि पार्किंग : ट्रकचं टायमिंग नेमकं ठरतं कसं

हायवेवर रात्री दोन-अडीच वाजता ट्रकची रांगच रांग दिसते आणि कारमधल्या माणसाला वाटतं की ह्या लोकांना रात्रीच गाडी हाणायला आवडते, रस्ता मोकळा, ऊन नाही, टायर गरम होत नाहीत. थोडंफार खरंय ते. पण लांब पल्ल्याच्या गाडीचं टायमिंग बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या हातातच नसतं. ते ठरतं कंपनीच्या गेटवर, शहराच्या नो एंट्रीवर आणि माल मागवलेल्या पार्टीच्या फोनवर, आणि ह्या सगळ्यातून जी वेळ उरेल तिच्यात ड्रायव्हरने चालवायचं, जेवायचं, झोपायचं. मी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ट्रिपा लावायचं, म्हणजे कुठला माल कुठल्या गाडीत जाणार ते जुळवायचं काम करतो, दिवसभर बोलणं ड्रायव्हर लोकांशीच, म्हणून हे प्रकरण जमेल तेवढं सोपं करून सांगतो. झोप आणि पार्किंग हे लोक वेगवेगळे विषय समजतात, ते तसे नाहीत, हे मला मुख्य सांगायचंय.

एक ट्रिप घेऊ. चाकण ते बेंगळुरू. पुण्यातून अंतर 840 किलोमीटरच्या आसपास, चाकणवरून धरा 870. लोड गाडी, खंबाटकी घाट, टोल, मधली रस्त्याची कामं धरून ताशी 45 चं ॲव्हरेज पडलं तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे नुसतं स्टेअरिंगवरचं काम साडेएकोणीस तासांच्या आसपास. आता ड्रायव्हर सकाळी सहाला उठला, नऊला कंपनीच्या गेटवर गाडी लावली, नंबर लागला संध्याकाळी पाचला, माल भरून, ताडपत्री बांधून, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) आणि ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा कागद) हातात पडून गाडी बाहेर निघाली रात्री नऊला. सलग चालवली तर पहाटे तीनला तो कोल्हापूर-कागलच्या आसपास असतो. म्हणजे चालवून सहाच तास झालेत, पण माणूस जागा आहे एकवीस तास, आणि पुढे तवंदी घाट.

हा एकवीसचा आकडा कुठल्याच कागदावर येत नाही. ऑफिसच्या हिशोबात गाडी नऊला निघाली म्हणजे ड्रायव्हरचं काम नऊला सुरू झालं. शरीर मात्र सकाळी सहापासून मोजत असतं. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ह्याच्यावर प्रयोग केला होता, त्यात दिसलं की सतरा तास सलग जागा राहिलेल्या माणसाचे हात-डोळे असे चालतात जसं त्याच्या रक्तात 0.05 टक्के दारू आहे, आणि चोवीस तासाला ते जवळपास 0.10 वर जातं. आपल्याकडे ड्रायव्हिंगला कायद्याची मर्यादा 0.03 टक्के, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. म्हणजे दारूच्या थेंबाला न शिवलेला, माळकरी ड्रायव्हरसुद्धा पहाटे तीनला त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला असू शकतो आणि त्याला पकडायला कुठलंही मशीन नाही.

त्यात पहाटेची वेळ. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं, उजेड-अंधारावर चालणारं, ते साधारण रात्री दोन ते पहाटे पाच-सहा ह्या वेळात शरीराचं तापमान खाली आणतं, झोपेचं हार्मोन चढलेलं असतं, लक्ष आणि हाताचा वेग दोन्ही मंदावतं. दुपारी दोन ते चारलाही एक छोटी उतरण येते, जेवण नाही केलं तरी येते, आपण उगाच भाताला दोष देतो. वर्षानुवर्षं रात्री चालवणाऱ्या माणसालासुद्धा हे चुकत नाही, सवय होते म्हणतात ती फक्त त्रास सहन करायची सवय होते, कारण घड्याळ लावून घ्यायला सूर्य रोज सकाळी उगवतोच आणि ते परत दिवसावर येतं.

आणि झोप सांगून येत नाही हे महत्त्वाचं. आधी पेंग, मग झापड, मग दोन-चार सेकंद मेंदू पूर्ण बंद, त्याला डॉक्टर लोक मायक्रोस्लीप म्हणतात. डोळे उघडे असले तरी होऊ शकतं. ताशी 60 ने चार सेकंद म्हणजे 67 मीटर, गाडी चाळीस टनांची आणि चालवणारं कुणी नाही. बऱ्याचदा ड्रायव्हरला नंतर आठवतही नाही की डोळा लागला होता, त्याला एवढंच कळतं की मागचा एक किलोमीटर कसा गेला ते सांगता येत नाही. हे ज्याला एकदा जाणवलं त्याने पुढच्या पंपावर गाडी घातलीच पाहिजे, तिथे चर्चा नाही.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखूचा बार भरणं, ह्याने पाच-दहा मिनिटं तरतरी वाटते, बस. चहा-कॉफीचा खरा उपयोग आहे पण तो चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून उत्तम उपाय असा की कडक चहा प्यायचा, लगेच गाडी सुरक्षित जागी बंद करून वीस मिनिटं आडवं व्हायचं, उठेपर्यंत चहा कामाला लागलेला असतो. उठल्या उठल्या किल्ली मात्र फिरवायची नाही, झोपेची गुंगी उतरायला पंधरा मिनिटं, खोल झोपेतून उठला तर अर्धा तास द्यायचा, तेवढ्यात टायर ठोकून बघा, ताडपत्रीचे दोर बघा. पण हे सगळं तात्पुरतं आहे. साठलेल्या झोपेला झोपच लागते. आणि सर्दीची गोळी घेऊन स्टेअरिंगवर बसू नका, जुन्या प्रकारच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, मेडिकलवाल्याला सांगायचं की मी गाडी चालवतो.

आता कुणी म्हणेल की गेटवर नऊ ते पाच गाडी उभीच होती ना, मग तेव्हा झोपायचं. हे ज्याने चाकणच्या एखाद्या गेटबाहेरची रांग बघितली नाही तोच म्हणेल. दुपारचे तीन, केबिनच्या पत्र्यावर ऊन, खिडकीला ओला टॉवेल लावलेला, ड्रायव्हर मागच्या बर्थवर बनियनवर पडलेला, आणि अर्ध्या तासाने बाहेरून दारावर थाप, ‘मामा, गाडी पुढं घ्या.’ उठायचं, गाडी चालू, पंधरा फूट पुढे, बंद. परत डोळा लागतोय तोवर परत थाप. पुढे नाही घेतली तर मागचा मधे घुसतो आणि नंबर जातो. त्या ड्रायव्हरला संध्याकाळी विचारलं तर तो म्हणतो दिवसभर झोपूनच होतो, आणि तो खोटं बोलत नाही, पण त्याची झोप झालेली नसते. तुकड्या-तुकड्याने घेतलेली झोप तेवढे तास भरूनही अंगाला लागत नाही, आणि दिवसाची झोप तशीही हलकी आणि तोकडी असते कारण घड्याळ तेव्हा उठवायचं काम करत असतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांच्या वरच्या मालट्रकला केबिनमधे एसी सक्तीचा झालाय ही खरंच चांगली गोष्ट आहे, पण जुन्या गाड्या रस्त्यावर अजून कित्येक वर्षं राहणार, आणि एसीसुद्धा रांगेतली थाप थांबवत नाही. ती टोकनने थांबते. गाडी आवारात किंवा जवळच्या यार्डात लावून घ्यायची, टोकन द्यायचं आणि नंबर आला की मोबाईलवर मेसेज पाठवायचा, काही कंपन्या हे करतात आणि तिथून निघालेला ड्रायव्हर बघूनच ओळखू येतो.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. 1961 चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा होता, त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, लांबच्या रूटला परवानगीने फार तर दिवसाला दहा आणि आठवड्याला 54, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन ड्युट्यांच्या मधे सलग नऊ तास आराम असं लिहिलेलं. 2020 च्या कामगार संहितेत तो कायदा सामावून घेतला. दिवसाला आठ तास ही चौकट तशी जुनीच. पण 1961 चा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचा मालक, किंवा स्वतःच मालक स्वतःच ड्रायव्हर असे लोक भरपूर, ते ह्यात कुठे बसतच नव्हते. शिवाय तास मोजणार कोण? युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावंच लागतं आणि गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र त्याची नोंद ठेवतं, अमेरिकेत दिवसाला अकरा तासांची मर्यादा आणि बहुतेक लांबच्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची. आपल्याकडे गाडीत जीपीएस असतं, पण ते गाडी कुठे पोचली हे बघायला. तेच जीपीएस गाडी सलग किती तास चालली हेही सांगतं, स्क्रीनवर समोर असतं, बघायची इच्छा पाहिजे.

बरं, ई-वे बिलाची घाई असते असं पुष्कळ जण सांगतात. ते तपासून बघा. साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते, म्हणजे आपल्या 870 किलोमीटरला पाच दिवस. गाडी खोळंबली तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत वाढवूनही घेता येते. सरकारी कागदाला घाई नाहीये. घाई असते पार्टीला, आणि पार्टीची घाईही बऱ्याचदा फोनवरचीच असते, कारण आपल्या उदाहरणातली गाडी रात्रभर, दिवसभर हाणून दुसऱ्या दिवशी रात्री आठला बेंगळुरूला पोचली तर होतं काय? गोडाऊन बंद. सिक्युरिटीवाला म्हणतो सकाळी या. गाडी रात्रभर गेटबाहेर रस्त्यावर उभी, आणि माल उतरायला लागतो तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला.

आता तीच ट्रिप दुसऱ्या पद्धतीने लावू. रात्री नऊला निघाला, साडेबाराला सातारा ओलांडून गाडी लावली, पाच तास सलग झोप. सकाळी सहाला निघून साडेदहापर्यंत चालवली, बेळगावच्या जवळ आंघोळ-नाश्ता-जेवण सगळं उरकून साडेअकरा ते दीड परत चालवली, मग उन्हाच्या वेळात दोन-अडीच तास आडवा, चार ते साडेसात परत चालवली, गाडी दावणगेरेच्या आसपास. जेवून नऊला झोपला, पहाटे पाचला उठला, चांगली आठ तास झोप. तिसऱ्या दिवशी साडेपाचला निघून दुपारी बाराच्या आत बेंगळुरू. म्हणजे मारून-मुटकून चालवलेल्या गाडीपेक्षा माल दोन तास उशिरा उतरला, आणि पहाटे दोन ते पाच ह्या वेळात गाडी एकदाही रस्त्यावर नव्हती. मधल्या दिवसाचे तास इथेही दहा झालेत, ते आठवर आणायचे तर अजून अर्धा दिवस द्यावा लागेल आणि माझं मत विचाराल तर द्यावा. पण दोन तासांसाठी आज काय पणाला लावलं जातं ते तरी ह्यातून दिसतं.

सगळाच माल असा थांबवता येत नाही हे मान्य. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजी पहाटेच लागते, दूध रात्रीच निघतं, तिथे रात्र टळत नाही. तिथे मग दोन ड्रायव्हर द्या, आणि पहाटेची पाळी ज्याच्याकडे आहे त्याला आदल्या दुपारी घरी झोपू द्या. चालत्या गाडीत मागच्या बर्थवर सेकंड ड्रायव्हरला झोप लागते ती खड्डे आणि ब्रेक मोजत लागते, तिला पूर्ण धरू नका. आणि क्लीनरला सेकंड ड्रायव्हर समजणं तर बंदच करा.

शहराच्या नो एंट्रीचंही असंच. पुण्यात जड वाहनांना दिवसा बऱ्याच रस्त्यांवर बंदी असते, रस्त्यानुसार वेळा वेगळ्या आणि पोलीस त्या बदलतही असतात, एक्सप्रेसवेवर सुट्ट्यांच्या गर्दीत जड गाड्या काही तास रोखतात. गर्दीच्या वेळी शाळेच्या रस्त्यावर कंटेनर नको हे कुणालाही पटेल. पण ह्याचा परिणाम असा होतो की साताऱ्याकडून येणारा ड्रायव्हर सकाळच्या बंदीआधी शहर पार करायला धावतो, म्हणजे पहाटे चार-पाचला, शरीर सगळ्यात खाली असताना, तो नवा कात्रज बोगदा सोडून नवले पुलाकडे उतरत असतो. तो उतार सगळ्या पुण्याला माहितीये. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथे एका जड गाडीने ओळीने बऱ्याच गाड्या उडवल्या, तो अपघात रात्री साडेआठ-नऊचा होता, झोपेच्या वेळेचा नव्हता, पण त्याने त्या उताराचा स्वभाव दाखवला. लांबलचक उतार, लोड गाडी, कुणी डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं किंवा नुसत्या ब्रेकवर उतरत राहिलं की ब्रेक तापून धरतच नाहीत. गिअर खालचा टाकून, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर वेग कमी करणारा) वापरून उतरायचं हे ड्रायव्हरला माहिती असतं, पण माहिती असलेली गोष्ट वेळेवर आठवायला डोकं जागं लागतं.

मग त्याने बोगद्याच्या अलीकडे, खेड शिवापूरच्या बाजूला दोन तास झोपून का नाही घेतलं? इथे पार्किंग येतं. झोपायचं म्हणजे चाळीस टनांची गाडी कुठेतरी उभी करायला लागते, आणि ती जागा मिळणं हीच खरी अडचण आहे. चांगल्या जागेला काय लागतं सांगतो, हायवेपासून आत वळता येईल असं मोठं आवार, उजेड, कॅमेरा किंवा रखवालदार, संडास-बाथरूम, पाणी, जेवण. ह्यातलं रखवालदाराचं लोकांच्या लक्षात येत नाही. अंधारात उभ्या गाडीच्या टाकीतलं डिझेल रात्रीत काढतात, ताडपत्री फाडून माल काढतात, बॅटरी नेतात, आणि बऱ्याच ठिकाणी नुकसान ड्रायव्हरच्या पगारातून वळतं होतं. त्यामुळे तो झोपला तरी एक कान उघडा ठेवून झोपतो. ढाब्यावर जेवलं तर उभं राहू देतात, पण रात्री अकरापर्यंत ढाबे आणि पंप भरून जातात, ज्याची गाडी साडेबाराला येते त्याला जागा नाही. तो पुढे जातो, पुढेही नाही, अजून पुढे, आणि शेवटी डोळे मिटायला लागल्यावर हायवेच्या कडेलाच लावतो.

आणि तिथे दुसऱ्याच कुणाचा तरी जीव जातो. लो बीमचा उजेड साधारण पन्नासेक मीटर. ताशी 80 ने येणाऱ्या कारला दिसल्यापासून थांबेपर्यंत सत्तरेक मीटर लागतात. मागे दिवा नसलेला, मातीने रिफ्लेक्टर झाकलेला ट्रक दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. तळेगाव-चाकण रस्त्यावर राहणारी माणसं, पहाटेच्या शिफ्टला बाईकवर जाणारी पोरं कडेला उभ्या कंटेनरवर चिडतात ते शंभर टक्के बरोबर आहे. फक्त दंडाची पावती फाडून तो ट्रक नाहीसा होत नाही, तो दोन किलोमीटर पुढे जाऊन उभा राहतो. जिथे माल भरतो, जिथे उतरतो, तिथेच गाड्या उभ्या करायची जागा कारखान्याने ठेवली पाहिजे, एमआयडीसीत आणि पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत ट्रक टर्मिनल झाली पाहिजेत, हे मागणं ड्रायव्हरांचंही आहे आणि त्या रस्त्यावरच्या रहिवाशांचंही, दोघांनी मिळून लावून धरलं तर जोर येईल.

तोवर जे हातात आहे ते. सरकारी तेल कंपन्यांच्या काही पंपांवर ‘अपना घर’ नावाची ड्रायव्हरसाठी सोय सुरू झालीये, खाटा, स्वच्छ बाथरूम, स्वतःचं जेवण बनवायला जागा, त्याचं मोबाईल ॲपही आहे. ट्रिप लावणाऱ्याने निघायच्या आधीच ड्रायव्हरला थांबायची जागा नावानिशी सांगायची, एक पहिली आणि ती भरली तर अर्ध्या तासाच्या अंतरावर दुसरी, आणि अकराच्या आत पोचता येईल अशी शक्यतो. पार्किंगचे शंभर-दीडशे रुपये लागले तर ते भत्त्यातून कापायचे नाहीत, वेगळे द्यायचे, नाहीतर तो पैसे वाचवायला कडेला लावणार हे ठरलेलं. रात्री बारा ते सहा ऑफिसातून किंवा पार्टीकडून ड्रायव्हरला फोन नको, गाडी कुठे आहे ते जीपीएसवर बघा, झोपलेल्या माणसाला ‘कुठपर्यंत आलास’ विचारायला उठवू नका. घरच्यांनाही सांगून ठेवा की ड्रायव्हरला फोन दुपारी चारनंतर करा.

गाडी बंद पडली आणि कडेला लावायलाच लागली तर जमेल तेवढी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर चालू, चाकाला दगड, आणि लाल त्रिकोण गाडीला टेकवून न ठेवता मागे किमान पन्नास मीटरवर, वळण असेल तर वळणाच्या आधी. नॅशनल हायवेवर 1033 ला फोन लावला की मदत मागता येते. काम झाल्यावर तो दगड उचलून बाजूला टाकायचा, पुढच्या बाईकवाल्यासाठी रस्त्यात सोडायचा नाही. आणि रोज निघताना ओल्या फडक्याने मागची लाल पट्टी आणि टेललाईट पुसून घ्यायची, क्लीनर नसेल तर स्वतः, दोन मिनिटांचं काम आहे.